जुळलं की डोळा काढ

१

बंदुकीवर दुर्बीण बसवणं हे काम बाहेरून जितकं मर्दानी वाटतं, तितकंच आतून शिंप्याचं असतं. बसायचं, वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि केसाएवढ्या फरकासाठी मान मोडून घ्यायची. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत हे काम करणाऱ्या माणसाला सगळे झीरोकाका म्हणत. रायफल 'झीरो' करायची म्हणजे नळी जिथे बघते तिथेच दुर्बीणही बघेल असं जुळवायचं. क्लबातले नेमबाज दारातूनच विचारत, "काका, झीरो झाला का?" आणि काका मान वर न करता म्हणत, "तो मी जन्मापासून आहे." हा विनोद त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केला होता, की त्यांना स्वतःला त्याचा वीट आला होता. पण गिऱ्हाईक हसायचं, म्हणून चालू होता.

कामाची रीत ठरलेली. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, मग ती खिडकीपाशी लाकडी पकडीत घट्ट आवळायची. मागचा बोल्ट काढला की नळी आरपार मोकळी होते. मागून डोळा लावला की पुढच्या टोकाला उजेडाची गोल चकती दिसते. त्या चकतीच्या बरोबर मधोमध समोरचा काळा ठिपका आणायचा. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीतून बघायचं. तिच्यातली फुली ठिपक्यावर नसतेच कधी. दुर्बिणीच्या डोक्यावर एक कळ असते, कुशीला एक. वरचीने फुली खालीवर होते, कुशीच्या कळीने डावी-उजवीकडे. फिरवताना कट्, कट् असा बारीक आवाज येतो. फुली ठिपक्यावर बसली की पुन्हा एकदा नळीतून खात्री करायची आणि दुर्बिणीवर टोपण लावायचं. टप्. झालं. उरलेलं काम मैदानावर, गोळी झाडून.

ठिपका होता समोरच्या इमारतीच्या आंधळ्या भिंतीवर. दुकान चढावर, इमारत खाली, मध्ये कोरडा नाला आणि झुडपं. हाक मारली तर ऐकू जाणार नाही एवढं अंतर. त्या भिंतीला खिडकी नव्हती, गॅलरी नव्हती, नुसता एक पाण्याचा पाइप वरून खाली गेलेला. ताटाएवढा तो काळा गोल दुकानातल्या थोरल्या मिस्त्रींनी स्वतः दोरावर लटकून रंगवला होता, काका उमेदवारीला लागायच्याही आधी. मिस्त्री फार बोलत नसत. शिकवताना त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "जुळलं की डोळा काढ. जुळलेल्याकडे बघत बसायचं नाही."

"का?"

"टोपण लाव."

काकांनी त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता की डोळ्याला ताण नको. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तो नियम पाळला, आणि आता मिस्त्री गेल्यावर, निवृत्ती तोंडावर आल्यावर तो मोडायला लागला. कारण साधं होतं. उजव्या डोळ्यावर सायीसारखं काहीतरी धरायला लागलं होतं. जुळलंय की नाही याची एका नजरेत खात्री पटेना. मग ते बघत बसत. दुकानात कोणाला बोलले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२

त्या दिवशी रायफल जुळवली, टोपण लावलं आणि काका चहाला गेले. परत आल्यावर सवयीने, किंवा सवय मोडल्याने म्हणा, त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावला. फुली ठिपक्यावर नव्हती. ठिपका किंचित डावीकडे होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते स्वतःशीच पुटपुटले आणि डोळा चोळला. मग नळीतून पाहिलं. नळीतही ठिपका डावीकडेच. म्हणजे दुर्बीण आणि नळी एकमेकींशी जुळलेल्याच होत्या, दोघींना ठिपका मात्र जागेवर सापडत नव्हता. पकड सैल पडली असणार. त्यांनी पकड आवळली, सगळं पुन्हा जुळवलं आणि दस्त्यावर, पकडीच्या कडेला लागून, पेन्सिलची रेघ मारली. मग मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहिले. दुकानाच्या मालकीणबाई टेलिफोनवर कोणाशी तरी वाद घालत होत्या तो ऐकला. परत आले. पेन्सिलची रेघ पकडीला तशीच चिकटून होती. ठिपका अजून थोडा डावीकडे गेला होता.

थकलेल्या माणसाला नवल वाटायलाही शक्ती लागते. काकांनी बोल्ट बसवला, रायफल कपाटात ठेवली आणि घरी निघाले.

घर आता जवळ होतं. जुन्या घराचे तीन जिने काकूंना झेपेनासे झाले, म्हणून नुकतंच त्यांनी बिऱ्हाड हलवलं होतं, तेही समोरच्या त्याच इमारतीत. लिफ्ट होती, भाडं आवाक्यातलं होतं. काकूंची पाठ शिवणयंत्रावर वाकून वाकून कामातून गेली होती. लोकांची लग्नं त्यांनी शिवून दिली आणि स्वतःला सरळ उभं राहता येईना. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी काकांच्या लक्षात आलं होतं, की झोपायच्या खोलीची भिंत म्हणजे ठिपक्याच्या भिंतीचीच आतली बाजू. त्यांनी ते हसत सांगितलं होतं, "दिवसभर तुझ्यावरच नेम धरून असतो बघ."

"बरं झालं," काकू म्हणाल्या होत्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे माझ्याकडे बघायला फुरसत मिळाली."

आज ते घरात शिरले तर खोलीतली खाट जागेवर नव्हती. खिडकीकडे सरकवलेली होती.

"शेजारणीच्या सुनेला बोलावलं आणि सरकवली," काकू म्हणाल्या. "वारा येतो हो इकडे." त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. "आणि गंमत बघा. आधी तिकडे भिंतीला ऊब लागायची, हाताएवढ्या जागेत. मला वाटलं, आता ती गेली. पण इथेही आहे. पाठीला किती बरं वाटतं म्हणून सांगू!"

काकांनी हात लावून पाहिला. ऊब होती. भिंतीपलीकडे उतरतं ऊन असणार, असं त्यांनी ठरवलं. भिंत कोणत्या दिशेला आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि तिच्यावर फक्त सकाळचं ऊन येतं हेही. तरी त्यांनी ते ठरवलं, कारण समोर ताट वाढलेलं होतं आणि दिवस संपलेला होता.

३

सकाळी कामावर जाताना ते नाल्याकडच्या बाजूने वळले आणि भिंतीखाली जाऊन उभे राहिले. इमारतीचा वॉचमन दात घासत तिथेच फिरत होता.

"काय शोधताय काका?"

"तो ठिपका. सरकल्यासारखा वाटतो."

वॉचमनने वर पाहिलं, थुंकला आणि म्हणाला, "माझी बदली होऊन मी तीनदा परत आलो, पण तो हलला नाही. पाइपापासून हातभर. तुम्ही चष्मा बदला."

खरंच, ठिपका पाइपापासून हातभर अंतरावर, जुन्याच जागी होता. रंग उडालेला, कडेला पोपडे सुटलेले, मधून एक तडा गेलेला. काकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी वॉचमनला चहा पाजला. वर दुकानात गेले, रायफल पकडीत लावली, दुर्बिणीतून पाहिलं. ठिपका पाइपापासून लांब, चांगला डावीकडे. पोपडे नाहीत. तडा नाही. ओला वाटावा इतका काळा.

त्यांनी डोळा काढला आणि साध्या डोळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ठिपका पाइपाजवळ. दुर्बिणीत, डावीकडे. दुसरी दुर्बीण घेतली, तीच तऱ्हा. मनात म्हणाले, डोळ्यातली साय. मोतीबिंदू असला की एकाचे दोन दिसतात म्हणे, मग जागा बदललेली का दिसू नये? हे त्यांना पटलं. निदान दुपारपर्यंत पुरेल एवढं पटलं.

संध्याकाळी काकू जेवताना म्हणाल्या, "आज फार वेळ लागला का हो तुम्हाला?"

"कशाला?"

"जुळवायला. किती वेळ आपलं कट् कट् चाललं होतं. झोप मोडली माझी."

काकांचा घास हातातच राहिला. "तुला इथे कसं ऐकू येईल? तिथून तोफ डागली तरी इथे खिडकी वाजायची नाही."

"ते मला काय माहीत? भिंतीतून येतं." मग त्या हसल्या, आणि ते हसू काकांना जरा उशिरा आल्यासारखं वाटलं. "आधी वरची कळ, मग कुशीची. मला आता कळतं सगळं. मीही झीरो झाले तुमच्यासोबत."

पाइपात पाणी चढताना आवाज होतो, पाल बोलते, लाकूड तडकतं. काका ही यादी मनात घोळवत राहिले. यादी चांगली लांब होती आणि तिच्यातलं काहीच कट् कट् करत नव्हतं.

४

"मालकीणबाई, खूण बदलूया का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला? थोरल्या मिस्त्रींनी ठरवलेली आहे."

"आता त्या भिंतीमागे आमचं बिऱ्हाड आहे. बरं दिसत नाही, घरावर बंदूक रोखणं."

"रिकामी बंदूक, काका. बोल्टसुद्धा नसतो. तुम्हीच नव्या लोकांना सांगता ना, नळी म्हणजे नुसता पाइप?" पण त्या माणूस ओळखून होत्या. "बदला हवं तर. टेकडीवरचा खांब घ्या. नाहीतरी दिसायला तो बरा आहे." शेवटचं वाक्य त्या दुसरीकडे बघत बोलल्या. काकांना कळलं की मूठ इतकी काही झाकलेली नव्हती.

काकांनी पकड वळवून घेतली आणि दिवसभर खांबावर काम केलं. काम सुरेख झालं. फुली बसली की बसली, चहा पिऊन आलं तरी तिथेच. डोळा तोच, साय तीच, तरीही खांब जागचा हलला नाही. संध्याकाळी ते शीळ घालत घरी गेले. लिफ्टमध्ये स्वतःची शीळ ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दार काकूंनी उघडलं नाही. काकांनी किल्लीने उघडलं. काकू खाटेवर आडव्या होत्या, चेहरा पांढराफटक, ओठ दातांखाली धरलेले.

"आज का बघितलं नाहीत?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"भिंत गार होती दिवसभर. पाठ फाटतेय माझी. कुठे होतात तुम्ही?"

"कामावर, अगं. कुठे असणार?"

"मग बघायचं ना!" असं म्हणून त्या रडायला लागल्या. तीन जिने चढताना, सुई बोटात घुसली तेव्हा, आई गेली तेव्हाही ही बाई अशी रडली नव्हती. काकांनी तिची पाठ शेकली, चोळली, गोळी दिली. कशानेही उतार पडला नाही. रात्रभर दोघं जागी होती.

पहाटे काकांनी काय ते ठरवलं. यात शहाणपण नव्हतं हे त्यांना कळत होतं. पण बायको कण्हत असली की शहाणपण कोणाच्या बापाला सुचतं? दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी पकड पुन्हा भिंतीकडे वळवली, ठिपका शोधला आणि डोळा लावून बसले. जुळलं. तरी डोळा काढला नाही.

५

ते दिवस बरे म्हणायचे की वाईट, काकांना सांगता आलं नसतं. काकूंची पाठ थांबली. नुसती कमी झाली नाही, थांबली. त्या तक्रार करेनाशा झाल्या. मग भांडेनाशा झाल्या. काका चपला घालून आत आले तरी काही बोलेनाशा झाल्या. शिवणयंत्रावर चादर घातली गेली. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायच्या, जेवायचं ताटही तिथेच. हाक मारली की मान वळायची, पण वळायच्या आधी एक क्षण रिकामा जायचा, जणू हाक फार लांबून आली होती. त्या क्षणाची काकांना भीती वाटायला लागली. तो रोज थोडा मोठा होत होता.

"चल, तुझ्या बहिणीकडे जाऊ चार दिवस," ते म्हणाले.

"नको."

"हवापालट होईल."

"इतक्या वर्षांनी दुखत नाहीये हो," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला हलवू नका."

दुकानात काका बघत बसत. बघायचं नाही असं ठरवून यायचे आणि काकूंचा तो पांढराफटक चेहरा आठवून डोळा लावायचे. एका दुपारी, फुली ठिपक्यावर असताना, त्यांची मान अवघडली म्हणून त्यांनी डोकं जरासं उजवीकडे घेतलं. ठिपकाही जरासा हलला. त्यांनी डोकं डावीकडे घेतलं. तो थांबला, आणि मग डावीकडे आला. पाठोपाठ नाही. माणूस कळ फिरवून, बघून, पुन्हा फिरवून जुळवतो तसा, अडखळत, एकेक केस. शेवटी बरोबर समोर येऊन स्थिर झाला.

काकांना एवढंच समजलं, की आपण जुळवत नव्हतो. निदान एकटे जुळवत नव्हतो.

त्यांनी टोपण लावलं. टप् असा आवाज यायला तीन खेपा लागल्या. रायफल उचलून कपाटात ठेवली, खोलीला कुलूप घातलं आणि मालकीणबाईंना सांगितलं, "उद्यापासून दुसरं कोणी बघा. माझा डोळा गेला."

"मला माहीत होतं, काका," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते. उद्या तशी सुट्टीच आहे. परवा येऊन किल्ली द्या."

६

सुट्टीची दुपार. दुकान बंद, मागच्या खोलीची एकुलती एक किल्ली काकांच्या खिशात. काकांना वाटलं होतं, आपण बघितलं नाही की भिंत गार पडेल आणि पाठ पुन्हा उसळेल. ते त्यासाठी तयार होते. गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, सगळं खुर्चीपाशी मांडून बसले होते. बायको कण्हली तरी चालेल, भांडली तर फारच उत्तम. तिचं दुखणं परत आलं तर तीही परत येईल, असा त्यांचा हिशेब होता.

पण काकू कण्हल्या नाहीत. भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपल्या होत्या.

कट्.

 पाइप नव्हता तो. पाल नव्हती. आयुष्यभर बोटांखाली ऐकलेला आवाज माणूस विसरत नाही. वरची कळ. कट्, कट्. मग थोडी उसंत. बघत असेल. मग कुशीची कळ. कारागीर चांगला होता, घाई करत नव्हता. आवाज दुकानाकडून येत नव्हता, तो इथे, काकूंच्या पाठीमागे, भिंतीत होता.

कट्. आणि झोपलेल्या काकूंचं डोकं केसभर डावीकडे सरकलं.

काका बघत राहिले. कट्. पुन्हा केसभर. कळ फिरवली की फुली हलते, खूण कधी हलत नाही, हे ते उमेदवारांना पहिल्या दिवशी सांगत आले होते. कट्. काकूंचा खांदा थोडा खाली आला. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नाही, कशाचीच खूण नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली. "ए, ऊठ. ऊठ, बघू." दंड धरून ओढलं. त्या जड झाल्या होत्या, झोपलेलं माणूस होतं त्याहून जड. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता म्हणाल्या, "थांबा हो. होतच आलंय."

मग आवाज थांबले. काकांना पुढचं ठाऊक होतं. आता शेवटची खात्री, नळीतून. नंतर टोपण. टप्. डोळा काढला की झालं, सुटलो. ते टप् ऐकायला ते कानांत प्राण आणून उभे राहिले. बाहेर लिफ्ट वर गेली. कोणाच्या तरी घरी भांडं पडलं. टप् आलं नाही. जुळलं होतं आणि त्याने डोळा काढला नव्हता.

काकूंना उचलून नेण्यात अर्थ नव्हता. खाट सरकवली तेव्हा तो सरकला होता, गाव बदललं तरी तेच झालं असतं. काकांनी तिची पाठ एका हाताने जराशी पुढे घेतली आणि दुसरा हात तिच्या आणि भिंतीच्या मध्ये घातला. हाताला भिंत लागली नाही. गार, गोल कडा लागली, दुर्बिणीला असते तशी. आत ऊब होती. आणि त्यांच्या तळव्यावर, मधोमध, काहीतरी मऊ केसांचं अलगद मिटलं आणि पुन्हा उघडलं.

 काकांनी हात काढला नाही. उलट बोटं पसरून तळवा त्या कडेवर घट्ट दाबला, टोपण दाबतात तसा.

काकूंच्या घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. मग त्या कण्हल्या. "आई गं," त्या म्हणाल्या, "पाठ. अहो, माझी पाठ." आणि डोळे उघडून लगेच, क्षणही वाया न घालवता, त्यांनी काकांकडे पाहिलं. "असं काय बघताय भूत बघितल्यासारखं? काढा तो हात, रुततोय मला."

"राहू दे," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "राहू दे थोडा वेळ. तू बोलत राहा."

त्या बोलू लागल्या, तक्रारी करू लागल्या, चपलांवरून, चहावरून, चादर घातलेल्या यंत्रावरून. उन्हं उतरली. काकांच्या दंडाला मुंग्या आल्या, मग खांदा दुखायला लागला, मग दुखायचाही थांबला. आता हात काढायचा नाही, एवढंच काम उरलं होतं. तळव्याखाली ते मधूनमधून मिटायचं आणि उघडायचं. त्याला काही घाई नव्हती.